हळदीकुंकू वाहिलेली खूनकथा

१९४६, श्रावणातला सोमवार, दुपार. शिरड शहापूर, आमचं माजघर. हजर: थोरल्या जाऊबाई, धाकटी जाऊ, शेजारची आजी आणि वाचणारी मी. धाकटी विधवा, म्हणून दाराशी बसलेली. थोरले दीर ओसरीवर होते; त्यांना मी हजर धरलेलं नाही, पण ऐकत होते.

धान्य, सण, पाहुणे, सगळ्याच्या याद्या घरात मीच ठेवायची, कारण वाचता-लिहिता येणारी बाई मी एकटीच. श्रावणातली पोथीही त्यामुळे माझ्याकडेच. त्या दिवशीचा अध्याय लवकर आटोपला. पोथी गुंडाळून मी निजामाच्या हद्दीपलीकडच्या वाशीमहून भावानं आणलेलं पुस्तक चौरंगावर ठेवलं. खुनाचं होतं. एका बड्या घरातला धाकटा भाऊ साप चावून मेला म्हणतात. साप मात्र कोणीच पाहिलेला नसतो, आणि घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी दाबून बसलेलं.

आजी उशिरा आल्या. त्यांना नीट दिसत नसे. त्यांनी चौरंगावरच्या पुस्तकाला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला.

धाकटी हसू दाबत म्हणाली, "आजी, ती पोथी न्हाई. त्यात खून हाय."

"मंग पोथीत काय कमी खून हायेत व्हय? वाच गं तू."

वाचता वाचता मी पुस्तकातला थोरला भाऊ धाकट्याच्या मरणाची बातमी घरी सांगतो तिथवर आले. धाकटीचं हसू थांबलं. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांबरोबर कळमनुरीच्या बाजाराला बैल घ्यायला गेला होता. दीर एकटेच परतले. पटकी झाली, तिथंच अग्नी दिला, एवढंच घरात सांगितलं. तिनं पुढं काही विचारलं की सगळे उठून कामाला लागायचे.

ओसरीवरून आवाज आला, "बंद करा ते. घरात काय असलं वाचून राहिले?"

थोरल्या दिरांशी आम्ही समोर बोलत नसू. जाऊबाईंना सांगायचं, त्यांनी पोचवायचं. मी म्हणाले, "जाऊबाई, सांगा त्यांना. पूजा झाली, आता अर्ध्यात सोडता येत न्हाई."

जाऊबाई वाती वळत राहिल्या. आजींनीच उचललं. "आरं, पूजलेली पोथी कुनी मधी सोडतं का? लेकराबाळाला बाधंल. बस तिथंच आन् ऐक."

हा नियम दिरांचाच. मी तापानं फणफणलेली असताना त्यांनी माझ्याकडून पारायण पुरं करून घेतलं होतं. आता त्यांना उठता येईना. मी आवाज थोडा चढवला.

पुस्तक पातळ होतं, दिवेलागणीच्या आत संपलं. धाकटी उठून चौकटीत गेली. पदर नीट केला आणि जाऊबाईंना मध्ये न घालता बोलली.

"भावजी, त्यायच्या जवळ शेवटी कोन होतं?"

"तीन वर्सं झाली. काहून उकरून राहिली?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई, म्हून विचारून राहिले. कुठं उतरले होते तुमी?"

दिरांनी घसा खाकरला. "आडत्याच्या घरी. बाजारापाशी." मग पायताण घालून ते शेताकडे गेले. त्या वेळी शेतात काहीच काम नव्हतं.

"आता कळमनुरीला जाऊन विचारायचं म्हनाल, तर तुमाला घरची गाडी मिळायची न्हाई," जाऊबाई म्हणाल्या.

"न मिळू दे. पाय हायेत," मी म्हणाले.

पुस्तक चुलीत घालायचा दिरांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. हळदीकुंकू लागलेलं पुस्तक जाळायला जाऊबाई तयार होईनात. त्यांनी ते देवघरातच ठेवलं. गाडी मात्र खरंच मिळाली नाही. आम्ही पायी निघायचं ठरवलं, तोवर निजामाच्या राज्यात रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि बायांना शिवेबाहेर जाणं अवघड झालं.

आता दोन वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झालेत. येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी पहाटे निघणार आहोत. कोणाची परवानगी मागितलेली नाही, मागणारही नाही. दीर अजून त्या विषयावर बोलत नाहीत, तर न बोलोत. कळमनुरीत आडत्याचं घर शोधायचं आणि धाकटीनं तिथं विचारायचं, तिचा नवरा कसा गेला. हे काम अजून व्हायचं आहे.