सिस्टरमावशींचा गुडघा

सिस्टरमावशी कधी "कशी आहेस?" म्हणून विचारायच्या नाहीत. भेटल्याबरोबर समोरच्याची खालची पापणी ओढून बघायच्या. "रक्त कमी आहे. बीट खा." नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सची नोकरी केली होती. रिटायर होऊन त्या अमेरिकेत फ्रीमाँटला लेकाकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आल्या आणि आमच्या टाउनहाउसच्या ओळीचा वॉर्ड झाला.

स्वतःचा उजवा गुडघा मात्र साडीआड झाकलेला. तो फारसा दुखायचा नाही, नुसता फुगायचा. डॉक्टरांनी तीनदा सुईने पाणी काढलं, "वयाचं आहे" म्हणाले. पाणी परत भरलं. "परत परत भरतंय, म्हणजे आत काहीतरी बसलंय," मावशी म्हणाल्या, आणि एमआरआय लिहून घेतल्याशिवाय खुर्चीतून उठल्या नाहीत.

रिपोर्टच्या दिवशी लेक मीटिंगमध्ये अडकला, म्हणून गाडी मी चालवली. पार्किंग लॉटमध्ये पोचलो तरी मावशी उतरेनात. "वाईट गाठ निघाली तर लेकाला मी सांगीन. तू नाही." माझा हात धरला होता, नाडी बघायला नव्हे.

डॉक्टर इथेच जन्मलेली मराठी मुलगी. "मावशी, डोन्ट वरी, कॅन्सर नाही दिसत. तुमच्या नीमध्ये फॅट ग्रो झालंय, लाइक अ ट्री!" सांध्याच्या आतल्या अस्तराला चरबीच्या फांद्या फुटल्या होत्या. इतकं दुर्मीळ, की तिनेही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"जन्मभर अंगाला मांस धरलं नाही," काडीसारख्या मावशी म्हणाल्या, "आणि चरबीला जागा सापडली ती इथं!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

दोन बारीक छेद घेऊन दुर्बिणीने ते अस्तर काढलं. तपासणीतही ती निव्वळ चरबीच निघाली. भूल उतरताच मावशींचा पहिला प्रश्न, "व्हिडिओ काढला ना?" पाण्यात डुलणारी ती पिवळी झालर त्यांनी फोनवर घेतली आणि पोहे खायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. आमच्या ह्यांनी तेव्हापासून पोहे सोडलेत.

पुढच्या वर्षी त्या नागपूरला कायमच्या परत निघाल्या. लेकाने एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मावशींनी तिच्यात बॅग बसवली. "जय भीम, पोरी. येते," म्हणाल्या आणि चालू लागल्या. खुर्ची ढकलणारा मागे, त्या पुढे. एकदाही मागे वळल्या नाहीत. बरंच झालं, मला त्यांचं चालणं डोळे भरून बघता आलं.