खालच्या घरात छापलेलं पान

मुलीनं प्रिंटर आणून वरच्या खोलीत ठेवला तेव्हा मी विचारलं, ह्याची वायर मोबाईलला कुठं लावायची? ती हसली. "आई, काही लावायचं नाही. वायफायवर जो प्रिंटर चालू असेल तो मोबाईलला आपोआप सापडतो." मला नवलच वाटलं. आमच्याकडं नवी सून आली तरी चार घरं फिरवून ओळख करून द्यावी लागते, आणि हे यंत्र स्वतःच सांगतं, मी हितं हाय म्हणून!

ती पुण्याला परत गेली आणि मी प्रिंटरचं भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं. वापर नसला की बटण बंद, ही माझी जन्माची खोड.

मी आठवणी मोबाईलवर लिहिते. एका दुपारी एक पान छापायला घेतलं. ते होतं खालच्या मजल्यावरच्या माझ्या धाकट्या जावेबद्दल. खूप वर्षांपूर्वी, घर एकत्र होतं तेव्हा, तिला बालवाडीच्या नोकरीसाठी मुलाखतीचं पत्र आलेलं, ते मी आठ दिवस दडवलं होतं. ती नोकरीला गेली असती तर बारा माणसांच्या भाकरी माझ्या एकटीच्या गळ्यात आल्या असत्या. पत्र दिलं तेव्हा तारीख उलटून गेलेली. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. कागदावर कसं दिसतं ते बघून, मग तिला सांगायचं की नाही ते ठरवणार होते.

मोबाईलवर एकच प्रिंटर दिसला, नावात नुसते आकडे. हाच असणार म्हणून दाबलं. कागद येईना. परत दाबलं. परत एकदा. आणि जिन्यातून घर्र घर्र आवाज आला.

वायफाय दोन्ही घरांना एकच. जावेची सून शेंगाचटणीच्या पाकिटांची लेबलं खाली छापते. माझा प्रिंटर बंद, तिचा चालू. मोबाईलला सापडला तो तिचा!

गुडघे विसरून जिना उतरले. सून पाकिटं द्यायला गेलेली. जाऊ काळा चष्मा लावून बसलेली, मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेले. तिन्ही कागद तिच्या मांडीवर.

"अक्का, ह्ये मशीन आपलं आपण सुटलं की! कसली लेबलं निघाली बघा जरा."

"लेबलं न्हाईत. माझं लिहिलेलं हाय ते. दे हिकडं."

"मग वाचून दावा की. बसून बसून लई कंटाळा आलाय."

मधल्या चार ओळी गाळून वाचता आलं असतं. तिला काय दिसणार होतं? एक कागद उचलला, वाचायला लागले. त्या ओळींशी आले. तरी वाचलं. सगळं.

तिनं मांडीवरचे दोन कागद चाचपले. मग म्हणाली, "कुटल्या डब्यात ठिवलं हुतं?"

"गुळाच्या."

"तरीच. चिकट लागलं हुतं हाताला."

चष्म्याआडून ती कुठं बघतेय ते कळेना. उरलेले कागद घ्यायला मी हात पुढं केला. तिनं त्यांची घडी घालून उशीखाली सारली.

"ऱ्हाऊ द्या. डोळं बरं झालं की माझी मी वाचीन."

डॉक्टरांनी तिला अजून आठ दिवस वाचू नको म्हणून सांगितलंय. मी वर येते, बटण बघते, आणि परत जिन्याशी जाऊन उभी राहते.