अक्कम्माच्या खोलीखालचा खड्डा

भवानी पेठेत अक्कम्माचं नाव काढलं की जुने चादरवाले अजून कानाच्या पाळीला हात लावतात. सूत रंगवायच्या धंद्यात तिनं चाळीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा नवरा गेल्यावर एकटीनं. एकदा लाल सुताच्या साठ लड्या पोहोचवून झाल्यावर तिला शंका आली, तर बाई दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दारात उभी. "रंग सोडील हे सूत. द्या इकडं, परत रंगवून देते." गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नव्हतं. तोंडानं मात्र अशी फटकळ, की शेजारच्या रुक्सानाला अठरा वर्षांत तिच्याकडून कौतुकाचा एक शब्द मिळाला नव्हता. पोळी दिली तर "जाड झाली", रांगोळीवर पाय पडू दिला नाही तर "एवढं जपायला काय झालं".

रुक्सानाचं घर अक्कम्माच्याच जुन्या जागेवर. रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत घालायची ती वाळवणीची मोकळी जागा, धंदा आटोपता घेताना अक्कम्मानं रुक्सानाच्या नवऱ्याला, हारूनला विकली. हारूननं मागं घर बांधलं, पुढं अंगण ठेवलं आणि तिथं रुक्सानानं बालवाडी काढली. बावीस पोरं. अंगणाची माती अजून कुठं तांबडी, कुठं निळी. सकाळी पाणी शिंपडलं की रंग उठून दिसायचे आणि पोरं आपापल्या रंगावर जागा धरून बसायची.

तेच नडलं. शहरातल्या एका कचेरीनं, जमिनीत रसायनं मुरली असण्याची शक्यता आहे अशा जागांची यादी करायला घेतली. माणसं आली, रंगीत मातीचे फोटो काढून गेली. महिन्याभरानं यादी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली, पेठेच्या कोपऱ्यावरही चिकटवली गेली. नवव्या क्रमांकावर हारूनची जागा. दुसऱ्या दिवशी चौदा पोरं आली, तिसऱ्या दिवशी सहा. बाकीच्यांच्या आयांना धड खोटंही बोलता येईना. सगळ्या पोरांना एकाच दिवशी सर्दी झाली होती. आठवडा उलटला तेव्हा अंगणात नुसती बसकरं उरली.

रुक्साना तडक अक्कम्माकडं गेली. अक्कम्मा पत्र्याची ट्रंक दोरीनं बांधत होती. घर विकून ती माहेरच्या गावी, अक्कलकोटला निघाली होती. मठाजवळ एक खोली बघून ठेवलेली, घराला गिऱ्हाईक ठरलेलं, पंधरवड्यात कागद व्हायचे होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दुसरी कसली हौस नव्हती. हे सगळं ठाऊक असूनही रुक्सानाच्या तोंडून गेलंच, "अक्का, विषाची जागा दिली व्हय तुमी आमाला?"

अक्कम्माचा हात दोरीवरच थांबला. "कोन म्हनतं विषाची?"

"यादीत आलीय. शक्यता हाय म्हनं."

"शक्यता!" अक्कम्मा उसळली. "पोरीत खोड असायची शक्यता हाय म्हनून गावभर चिकटवलं, तर कोन येतंय का मग तिला बघायला?"

एवढं बोलून तिनं मागच्या खोलीच्या फरशीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हरकती कवा ऐकनार हायत?"

"सोमवारी."

"येते मी."

रुक्साना घरी आली ती चरफडतच. हिच्या येण्यानं काय होणार, असं तिला वाटत होतं.

सोमवारी कचेरीच्या व्हरांड्यात ही गर्दी. जो तो एकच म्हणत होता, आमची जागा स्वच्छ आहे, नाव काढा. टेबलामागचा अभिमन्यू नावाचा तरुण अधिकारी प्रत्येकाला तेच सांगून दमला होता, की ही यादी दोषाची नाही, तपासणीची आहे. रुक्सानाची पाळी आली, पण तिनं तोंड उघडायच्या आत अक्कम्मा पुढं झाली.

"सायेब, तुमी मातीचा रंग बघितला आनि फसला. वाळवनीवर जे ठिबकतं, ते तीनदा धुतलेल्या सुताचं पानी. माती रंगती त्यानं. खरं वाईट असतं ते रंगाच्या हौदातलं उरलेलं पानी. ते तितं कदीच टाकलं न्हाय."

"मग कुठं टाकलं, आजी?"

अक्कम्मानं पदर सारखा केला. "माज्या घरात. मागच्या खोलीखाली खड्डा हाय. धंदा मिटवला तवा मीच बुजवून घेतला आनि वर शहाबादी फरशी घातली. परसात अडुळसासुदिक जगत न्हाय माज्या. बादल्या मीच ओतत हुते, मला म्हाईत नसंल तर कुनाला?"

अभिमन्यूनं यादी वरखाली चाळली. "पण तुमचं नाव यात नाहीये."

"म्हनून तर आले की."

कारकुनाची पंचाईत झाली. छापील अर्ज एकच होता, नाव वगळण्याचा. नाव घालून घ्यायला आजवर कुणी आलंच नव्हतं. "मग खोडा आनि लिवा," अक्कम्मा म्हणाली. अभिमन्यूनं उभं राहून तिला आपली खुर्ची दिली आणि अर्ज स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

रुक्सानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना रिक्षात तिनं विचारलं, "अक्का, तुमचं गिऱ्हाईक?"

"त्याला कालच सांगितलं. न्हाय येनार तो आता."

"गप बसला असता तर कुनाला कळलं असतं?"

"गपच बसले हुते की गं," अक्कम्मा रस्त्याकडं बघत म्हणाली. "त्यालाबी सांगितलं नव्हतं. जीव अडकला हुता अक्कलकोटात. पन त्याची सून गरवार हाय. बाळ त्याच फरशीवर रांगलं असतं."

तीन महिन्यांनी मातीचे अहवाल आले. अंगण निर्धोक निघालं, हारूनचं नाव निघालं. नवव्या क्रमांकावर आता अक्कम्मा. पोरांची सर्दी एका दिवसात पळाली. अक्कम्माची मागची खोली मात्र खोदायला घेतली, तेव्हा ती ट्रंकेवर बसून दारात आल्यागेल्यांना दटावत होती. रुक्सानानं तिला काही विचारलं नाही. हारूनला हाक मारली, ट्रंक उचलायला लावली आणि आपल्या घरातल्या बालवाडीशेजारच्या खोलीत ठेवली.

"चार दिस फकस्त," अक्कम्मानं बजावलं.

"व्हय, चारच," रुक्साना म्हणाली, आणि दोरीची गाठ सोडली. वरच स्वामींची तसबीर होती. अक्कम्मानं ती पटकन पदराखाली घेतली; दुसऱ्याच्या घरात कुठं लावायची, म्हणून संकोचली असावी. रुक्सानानं हातोडी आणली, भिंतीत खिळा ठोकला आणि तसबिरीसाठी हात पुढं केला.

अक्कम्मानं आधी खिळा हलवून पाहिला, मग डोळे बारीक करून इकडून तिकडून निरखला. रुक्साना आता काय ऐकावं लागतंय म्हणून उभीच.

"चांगला ठोकलास गं," अक्कम्मा म्हणाली.