गटारीची कोळंबी

माझे मोठे दीर सिल्वासाच्या एका कारखान्यात मॅनेजर आहेत आणि घरी आले तरी मॅनेजरच असतात. त्या वर्षी गटारीला त्यांनी वापीच्या चार साहेबांना जेवायला बोलावलं. श्रावणाआधीचं शेवटचं मासळीचं जेवण, तेही अर्थातच आमच्याकडे, कारण हात माझे चालतात आणि तोंड त्यांचं.

मी सोड्यांचं कालवण ठरवलं होतं. माझं माहेर डहाणूकडचं, मच्छीमाराचं. पावसाळ्यात कोळंबी अंड्यांवर येते. तेव्हा आमच्याकडे बोटी वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहीपर्यंत घरात ताजं काही शिजत नाही. आईनं उन्हाळ्यात सोलून वाळवलेले सोडेच खायचे. सरकारची बंदी मागाहून आली, बाबांची त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आदल्या दिवशीच ते सोड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले होते.

सकाळी दीर थर्मोकोलचा खोका घेऊन हजर. "साहेबांना सुकं वाढतेस? इज्जत का सवाल आहे यार. ही बघ, टायगर!"

"कुठली आहे?"

"तळ्यात पाळलेली. बिनधास्त शिजव."

मी एक उचलून उजेडात धरली. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीत हिरवट पट्टा. अंडी! तळ्यातली कोळंबी इतकी पिकेपर्यंत कोणी ठेवत नाही. ही समुद्रातली होती, बंदीत धरलेली, आणि हा माणूस माझ्या ओट्यापाशी उभा राहून मच्छीमाराच्या मुलीला थापा मारत होता. माझं डोकंच फिरलं.

"मी हिला हात लावणार नाही," मी म्हणाले. "असल्या चोरांमुळे पौर्णिमेनंतर माझ्या बाबांची जाळी रिकामी येतात. ते आत बसलेत. त्यांच्या ताटात वाढू ही?"

"अगं, हळू बोल," नवरा पुटपुटला. त्याचा जन्म हळू बोल म्हणण्यात गेलाय. मी खोका दिरांच्या हातात कोंबला. "न्या परत. हॉटेलात शिजवून घ्या."

दिरांचा चेहरा लाल झाला. मग ते हसले. ते हसणं मला त्यांच्या खोटेपणाहून जास्त लागलं. "चोर म्हणतेस? तुझ्याच भावानं दिली. काल वापी स्टेशनवर आणून."

आवाज ऐकून बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. निदान 'खोटं आहे' एवढं तरी ते म्हणतील, असं मला वाटलं.

"बोट माझीच हाय," बाबा म्हणाले. "मीच दर्यात सोडली. सगळे जातात. आपण एकटं बसून काय गावतं? पौर्णिमेनंतर नुसता कचरा येतो जाळ्यात."

"आणि मग हे सोडे?"

"ते तुझ्यासाठी आणले. तुला बरं वाटतं म्हणून."

मी दिरांच्या हातातून खोका घेतला. बाबांवर ओरडायला हवं होतं, ते जमलं नाही. एकेकीचं डोकं मोडत गेले, हिरवे पट्टे ओढून सिंकमध्ये टाकत गेले. चिंच, लसूण, हिरवी मिरची, काही म्हणता काही चुकलं नाही. साहेबांनी बोटं चाटली. बाबांनी रस्सा दोनदा मागून घेतला, आणि दोन्ही वेळा तो मीच वाढला.