हळदीचा डाग

शेजारच्या मंदाताई नळाखाली लेकीच्या फ्रॉकवरचा हळदीचा डाग धूत होत्या. साबण लागताच पिवळा डाग लाल झाला. मोबाइलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघत बसलेली जुई ओरडली, “आई, यात अस्संच दाखवलंय! साबण आम्लारिधर्मी असतो, म्हणून हळद लाल होते.”

मंदाताईंचा हात थांबला. “इतकी वर्षं बघतेय गं. पण का, ते कधी विचारलंच नाही.”

मी तरी कुठे विचारलं होतं? लग्नघरच्या हळदीच्या साड्या धुतल्या आणि ते लाल पाणी मुकाट्याने मोरीत सोडलं. जुईच्या हातातल्या मोबाइलला मात्र येता-जाता नावं ठेवली.

“आणि यावर लिंबू पिळलं तर गं?” मंदाताईंनी विचारलं. “बघ की त्यात.”

जुईने मोबाइल खाली ठेवला. “त्यात कशाला? थांब, लिंबू आणते.”