खिळ्यांची फळी आणि चांगुणाबाई

चांगुणाबाई भालेराव ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. सातपूरच्या एका कारखान्यात हत्यारांच्या खोलीची खिडकी अकरा वर्षं त्यांच्या ताब्यात होती. केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर न पुसता परत करणाऱ्याची त्या अशी हजेरी घेत की पुढच्या खेपेला गडी तो रुमालात गुंडाळून आणी.

खिडकीचा रिवाज साधा. प्रत्येक कामगाराकडे आपापल्या नंबराचे पाच पितळी बिल्ले. हत्यार हवं असलं की एक बिल्ला द्यायचा. बाई फळीवरचं हत्यार काढून देत आणि रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला अडकवत. पण फळीकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे. कोणत्या नंबराकडे काय गेलंय, सगळं तोंडपाठ! त्याचा त्यांना ताठाही होता, उगाच कशाला लपवा.

सत्त्याऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली, आणि आत शिरताना चपला बाहेर. कामगारांना घाम पुसायला पंखा नव्हता, ते सोडा. मोठ्या साहेबांनी नोटीस लावली: हत्यारांची नोंद आता कॉम्प्युटरवर, त्यासाठी पदवीधर ऑपरेटर नेमणार. मॅट्रिक झालेल्या चांगुणाबाईंची रवानगी पॅकिंगला.

खोकी बांधायला! बाई तडक केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, तीन महिने द्या. प्रोग्राम मी लिहिते. नाही जमला तर मुकाट्यानं खोकी बांधीन."

साहेब हसले. पण हो म्हणाले.

कामावरून सुटलं की बाई नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागल्या. कॉलेजच्या पोरापोरींत अडतिशीच्या या एकट्याच. पहिला महिना डोक्यावरून गेला. मग एके दिवशी सरांनी सांगितलं, "डिक्शनरीत शब्द शोधला की अर्थ मिळतो ना? तसंच. जी शोधायची ती की, जी मिळते ती व्हॅल्यू. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवा. की सापडली तर तिच्यासमोरची व्हॅल्यू बदला. नाही सापडली तर खाली नवी जोडी लिहा."

बाईंच्या अंगावर काटा आला. अहो, हेच तर आपण अकरा वर्षं करतोय! त्या दिवसापासून त्यांना जिकडेतिकडे जोड्याच दिसायला लागल्या. डबा आणि त्यातली डाळ, बस आणि तिचं गाव. ओझरच्या विमान कारखान्यातून दमून आलेला नवरा, सावळीराम, एकदा म्हणालाच, "मला कुठल्या यादीत घातलंस तेवढं सांग, म्हणजे जेवायला बसतो."

तीन महिने सरले, प्रोग्राम लिहून झाला आणि परीक्षेचा शनिवार उजाडला. अकरा वाजता साहेब आले. बाईंनी सकाळपासूनची देवाणघेवाण मशीनमध्ये भरली होती. बिल्ल्याचा नंबर ही की, हत्यार ही व्हॅल्यू. साहेबांनी विचारलं, "सत्तेचाळीस?" पडद्यावर आलं: ड्रिल.

"ड्रिल हाय, पन सकाळी मायक्रोमीटर बी नेलाय की मी," सत्तेचाळीस नंबरचा फिटर निवृत्ती दारातून म्हणाला.

बाईंनी यादी वरून खाली पाहिली. मायक्रोमीटर कुठेच नव्हता. कारखान्यातलं सगळ्यात महागडं हत्यार मशीननं गिळलं होतं! बाईंचे कान तापले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जेवणाची सुट्टी होऊ द्या. दोन वाजता शेवटचं बघतो."

डबा तसाच राहिला. बाई खिडकीत येऊन फळीसमोर उभ्या राहिल्या. मायक्रोमीटरच्या खिळ्यावर सत्तेचाळीस, ड्रिलच्या खिळ्यावरही सत्तेचाळीस. फळीला सगळं ठाऊक होतं. मग मशीनला का नाही?

मागून निवृत्ती आला. "ताई, लय मनाला लावून घेऊ नका. मानसाला दोन हात असत्यात, मशीनला काय कळतंय?"

"थांब!" बाई ओरडल्या. "दोन हात! अरे, माणसाकडे दोन हत्यारं असतात, पण एक हत्यार दोघांकडे कसं असेल?"

सगळा घोळ एका क्षणात उलगडला. माणसं तोंडपाठ असण्याच्या ताठ्यात त्यांनी माणूस ही की केली होती. निवृत्तीनं ड्रिल नेला तेव्हा मशीनला सत्तेचाळीस आधीच सापडला, म्हणून त्यानं समोरचा मायक्रोमीटर पुसून तिथे ड्रिल लिहिला. बिचाऱ्यानं सांगितलं तेच केलं! की हवी होती हत्याराची, फळीवरच्या खिळ्यासारखी. बाई धावत सुटल्या, आणि चपला काढायच्या विसरून थेट थंड खोलीत घुसल्या.

दोन वाजता साहेबांनी विचारलं, "मायक्रोमीटर?"

सत्तेचाळीस.

"ड्रिल?"

सत्तेचाळीस.

"आणि सत्तेचाळीसकडे एकूण काय काय?"

बाईंनी त्याचीही सोय केली होती. दुसरी, म्हणजे बिल्ल्यांची यादी वरपासून खालपर्यंत चाळायची, सत्तेचाळीस भेटेल तिथे थांबून समोरचं हत्यार सांगायचं. पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक उमटली. निवृत्तीनं दारातच शिट्टी मारली. साहेब उठले. बाहेर गेले आणि पदवीधराची नोटीस स्वतःच्या हातानं काढून आले.

घरी पोचल्यावर बाईंनी खोचलेला पदरसुद्धा सोडला नाही. सावळीरामपुढे वाट्या आणि चमचे मांडून त्या सांगत सुटल्या: चूक कुठे होती, ती कशी झाली, हात दोन पण हत्यार एक. भाकरी गार झाली. सावळीराम माना डोलवत राहिला, आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याला ते खरोखर कळलंसुद्धा.

बायको ऑपरेटर झाली, हे मात्र त्याला दोन दिवसांनी द्वारकेच्या चौकात निवृत्ती भेटला तेव्हा कळलं. ते सांगायचं चांगुणाबाई विसरूनच गेल्या होत्या.