पातळ तेल कोठीत होते

अन्याय झाला तो बुरोंडीच्या युसुफ ड्रायव्हरवर. जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सरहद्दीवरच्या आमच्या छावणीत त्याच्या ॲम्ब्युलन्स लॉरीचे हँडल फिरेना. ठपका बसला: ड्रायव्हर हलगर्जी. हलगर्जी तो नव्हता. कोण होते ते सांगतो. त्यात मी आहे.

मी तिथल्या फौजेच्या मोटार कंपनीत स्टोअरचा नाईक होतो. वय चोवीस, घर रत्नागिरीत. इंजिन ऑईल दोन प्रकारचे मिळे, उन्हाळ्यासाठी जाड आणि थंडीसाठी पातळ. पातळ तेलाची तीन पिंपे डिसेंबरातच कोठीत आली होती. पण सार्जंटचा हुकूम, "जुने आधी संपवा." शेगडीपाशी बसून असले हुकूम सुचतात!

सोमवारी संध्याकाळी पाचला युसुफ खोबरेलाची बाटली घेऊन आला. माझ्या टेबलावर ती उलटी धरली. थेंब पडला नाही.

"नाईकसाहेब, डोक्याच्या तेलाची ही गत. इंजिनाचं काय होईल?"

"टक्कल पडेल," मी म्हणालो.

"हसू नका हो. उद्या गाडीत पेशंट आहे. एक डबा पातळ द्या."

"हुकूम नाही."

"चावी तर तुमच्याच कमरेला आहे ना?"

होती. मी काढली नाही.

पेशंट म्हणजे शिपाई सखाराम, संगमेश्वरचा. न्यूमोनिया. डॉक्टरांनी बजावले होते, नऊच्या आत खालच्या हॉस्पिटलात पोचवा.

सहा दहाला युसुफने हँडल मारले. थिजलेल्या जाड तेलाने इंजिन धरून ठेवले होते. दोघे लागले, तिघे लागले. स्ट्रेचरवरून सखाराम म्हणाला, "युसुफभाय, गाडीला पण काढा पाजा." शेवटी युसुफने तेल डब्यात उतरवले, लंगरच्या चुलीवर गरम केले, परत ओतले. गाडी सुटली आठला. सखाराम वाटेत गेला, नऊ वीसला.

चौकशीत मला एकच प्रश्न आला.

"कोणतं ऑईल इश्यू केलं?"

"ॲज पर ऑर्डर, सर."

खोटे नव्हते. पण कोठीतली तीन पिंपे मी सांगितली नाहीत. युसुफने मागितले होते हेही नाही. दंडावरची पट्टी जाईल, ही भीती. युसुफला नोकरीवरून काढले. सार्जंटला कोणी जाबसुद्धा विचारला नाही.

सखारामाला लिहिता येत नसे. घरची पत्रे तो मला सांगे, मी लिही. शेवटचे अर्धे राहिले: "भाताची झोडणी आटोपली काय? बैलाचा खूर कसा आहे?" पुढचे तो बरा झाल्यावर सांगणार होता. ते पत्र मी कोणाला दाखवले नाही.

युसुफ आज संगमेश्वर–देवरुख सर्व्हिस मोटार चालवतो. सखाराम त्याच्यामुळे मेला म्हणून गावची माणसे त्याची गाडी सोडतात आणि मागच्या गाडीची वाट बघत उन्हात उभी राहतात. संगमेश्वरकरांनो, मी इथे सहीनिशी लिहून देतो: दोष त्या हुकमाचा आणि माझ्या तोंडाचा, जे वेळेवर उघडले नाही. वाचलेत ना? मग उद्या त्याच्याच गाडीत बसा. पुढे, त्याच्या शेजारी.